गावातल्या कुत्र्यांच्या रक्तावरून मेंदूज्वराचा माग कसा काढायचा

धानपट्ट्यातल्या एखाद्या गावात पोराला जपानी मेंदूज्वर झाला की पहिला प्रश्न हाच असतो: विषाणू या गावातच फिरतोय, की पोरगं मामाच्या गावाहून आजार घेऊन आलं? माणसांच्या रक्तावरून याचं उत्तर काढणं कठीण जातं. लागण झालेल्या साधारण २५० जणांत एखाद्यालाच गंभीर आजार होतो, बाकीच्यांना काही कळतही नाही. शिवाय विदर्भातल्या काही जिल्ह्यांत मुलांना या रोगाची लस दिली जाते. अशा मुलाच्या रक्तात प्रतिपिंडं (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) सापडली, तर ती लसीमुळे आली की डासामुळे, हे साध्या तपासणीत सांगता येत नाही. मोठ्यांचं म्हणाल तर कामाच्या हंगामात कोण कुठे जाऊन आला याचा हिशोब लागत नाही.

कुत्रं मात्र गावातच असतं. ते अंगणात, उकिरड्याशेजारी, गोठ्याच्या दारात, बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाळीवर झोपतं. त्याला मच्छरदाणी नाही आणि जपानी मेंदूज्वराची लसही कोणी देत नाही. त्याच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं निघाली, तर विषाणू असलेला डास त्याला त्याच्याच फिरण्याच्या टापूत चावला, एवढं नक्की म्हणता येतं. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. पशुधन विकास अधिकारी, पशुधन पर्यवेक्षक, आरोग्य सेवक आणि ग्रामपंचायत यांनी मिळून करायचं हे काम आहे, एकट्याने होत नाही.

आधी गैरसमज काढून टाका

गावात बोलायला बसाल तेव्हा पहिली शंका येईल: मग कुत्र्यांमुळेच रोग पसरतो का? नाही. प्रयोगात कुत्र्यांना जपानी मेंदूज्वराचा विषाणू टोचला तेव्हा ती आजारी पडली नाहीत आणि त्यांच्या रक्तात विषाणूही सापडला नाही, फक्त प्रतिपिंडं तयार झाली. त्यामुळे अशा कुत्र्याला चावलेल्या डासाला पुढे नेण्यासारखं काही मिळत नाही. विषाणू वाढतो तो डुकरांत आणि बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत. हे ग्रामसभेत स्पष्ट शब्दांत सांगा, रक्त घेण्याच्या आधी सांगा. नाहीतर निकाल आल्यावर लोक कुत्री मारायला किंवा दूर सोडून द्यायला निघतात. त्याने रोग तर थांबत नाहीच, उलट पाळतीसाठी निवडलेले प्राणीच हातचे जातात. भटकी कुत्री उचलून दुसरीकडे सोडणं २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही बसत नाही.

दुसरी शंका तापलेल्या, मलूल कुत्र्याबद्दल असते. विदर्भात गोचिडांनी भरलेलं कुत्रं तापलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी गडद लाल झाली, तर बहुतेक वेळा कारण विषाणू नसतो. एर्लिचिया हा जिवाणू किंवा बबेसिया हा एकपेशीय परजीवी असतो आणि दोन्हींवर औषध आहे. गोचीड हा कीटकही नाही, तो आठ पायांचा, कोळ्याच्या कुळातला जीव. अशा कुत्र्याच्या कानाच्या टोकावरून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरवा, पट्टी दवाखान्यात द्या आणि उपचार लगेच सुरू करा. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो हे विषाणू कीटकांमार्फत पसरत नाहीत. गुरांचा लम्पी कीटकांमार्फत पसरतो, पण कुत्र्याला होत नाही.

कोणती कुत्री घ्यायची

अख्खी पाहणी इथेच जमते किंवा फसते. हाताशी सापडेल ते कुत्रं धरलं आणि रक्त काढलं, असं केलं तर निकाल वाचताच येत नाही. एकदा तयार झालेली प्रतिपिंडं वर्षानुवर्षं टिकतात. सहा वर्षांचं कुत्रं पॉझिटिव्ह निघालं, तर या सहा वर्षांत कधीतरी विषाणू येऊन गेला एवढंच कळतं. यंदा आला का, हे कळत नाही.

म्हणून दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत जन्मलेली पिल्लं निवडा. आपल्याकडे भटक्या कुत्र्यांची बरीच पिल्लावळ याच दिवसांत होते, त्यामुळे शोधावं लागत नाही. पावसाळ्यानंतरचा डासांचा मोठा हंगाम त्यांनी पाहिलेला नसतो. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडं तीन-चार महिन्यांत ओसरतात. मे महिन्याच्या शेवटी ही पिल्लं साडेचार ते सात महिन्यांची होतात, म्हणजे रक्त कोरं असण्याची शक्यता मोठी. वयाबद्दल मालकाच्या अंदाजावर विसंबू नका, दात पाहा. दुधाचे दात साधारण साडेतीन महिन्यांपासून पडायला लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत कायमचे दात पूर्ण येतात. पांढरेशुभ्र, न झिजलेले कायमचे सुळे असलेलं कुत्रं आपल्या कामाचं. अर्धे दुधाचे, अर्धे कायमचे दात असतील तरी चालेल. सगळे दुधाचेच असतील तर ते अजून लहान आहे, त्याच्यातली प्रतिपिंडं आईची असू शकतात.

धनगरांच्या कळपाबरोबर फिरणारी कुत्री, दुसऱ्या गावाहून आणलेली कुत्री आणि मेळघाट किंवा गडचिरोलीच्या बाजूला मालकाबरोबर जंगलात जाणारी कुत्री मुख्य यादीत घेऊ नका. रक्त घ्यायचंच असेल तर वेगळ्या वहीत नोंदवा. त्यांना डास कुठे चावला हे कोणीच सांगू शकणार नाही आणि असं एक पॉझिटिव्ह कुत्रं पूर्ण नकाशा चुकवून टाकतं.

डुकरं का नाहीत, असं विचारलं जाईल. जिथे डुकरं आहेत तिथे त्यांचं रक्त तपासणं उत्तमच, विषाणू तिथे लवकर दिसतो. पण डुकरं प्रत्येक गावात नसतात, असली तर एका कोपऱ्यात असतात. कुत्री मात्र प्रत्येक मोहल्ल्यात असतात, आणि कुठल्या मोहल्ल्यात चावे होतात हेच आपल्याला शोधायचं आहे.

किती कुत्री

गावातल्या १० टक्के कुत्र्यांना लागण झाली असेल आणि ती आपल्या नजरेतून सुटू नये अशी ९५ टक्के खात्री हवी असेल, तर २९ कुत्री लागतात. लागण ५ टक्केच असण्याचा अंदाज असेल तर ५९, आणि २० टक्के असेल तर १४ पुरतात. कुत्र्यांची एकूण संख्या मोठी आहे असं धरून हा हिशोब केला आहे. लहान टोल्यावर (वस्तीवर) यापेक्षा थोडी कमी चालतात.

शून्य निकाल कसा वाचायचा हेही आधी समजून घ्या. २९ पैकी एकही पॉझिटिव्ह नाही, याचा अर्थ गावात विषाणू नाही असा होत नाही. तीनला नमुन्यांच्या संख्येने भागा: ३ भागिले २९, म्हणजे साधारण १० टक्के. खरी लागण शून्यापासून या आकड्यापर्यंत कितीही असू शकते. दहा कुत्री तपासून 'गाव सुरक्षित' असा अहवाल लिहिणं म्हणजे लोकांना फसवणं आहे, कारण तिथे ३० टक्के लागणही लपू शकते.

पिल्लं गाडीखाली येतात, पार्व्होने मरतात, कोणी उचलून नेतं. ऑक्टोबरात २९ हातात हवी असतील तर मे महिन्यात ४५ पासून सुरुवात करा. प्रत्येकाचा दोन्ही बाजूंनी फोटो, क्रमांकाचा पट्टा आणि अंगावरच्या खुणांची नोंद ठेवा. पट्टा पडतो, फोटो राहतो. पिल्लू वाढत असतं, म्हणून पट्ट्यात दोन बोटं जातील एवढी ढील ठेवा आणि दर महिन्याला सैल करा.

नकाशा रक्ताच्या आधी

एका मोठ्या कागदावर गाव काढा. मोबाइलवरून जागेची खूण घेतली तरी चालेल, पण कागद हवाच, कारण चर्चा त्याच्याभोवती होते. त्यावर धानाच्या बांध्या (पाणी अडवलेली शेतं), बोडी, मामा (माजी मालगुजारी) तलाव, नाल्या, डुकरांचे खुराडे, बगळे रात्री बसतात ती झाडं, गोठे, उकिरडे, कुडाची आणि मातीची घरं आणि पाण्याची टाकी दाखवा. मग प्रत्येक कुत्रं *रात्री झोपतं* ती जागा लावा, मालकाचं घर नव्हे. जपानी मेंदूज्वराचे क्युलेक्स डास तिन्हीसांजेपासून रात्रभर चावतात, त्यामुळे दुपारी कुत्रं कुठे दिसतं याला इथे किंमत नाही. झोपायची जागा संध्याकाळी उशिरा स्वतः फिरून टिपा. घरच्यांना विचाराल तर प्रत्येक जण 'आमच्याच ओट्यावर' असं सांगतो.

रक्त घेणं

रक्त नोंदणीकृत पशुवैद्यकानेच घ्यायचं. कुत्रं धरणाऱ्या प्रत्येकाला आधी रेबीजची प्रतिबंधक लस हवी: पहिला दिवस, सातवा दिवस आणि एकविसावा किंवा अठ्ठाविसावा दिवस. म्हणजे मे महिन्याच्या कामाची तयारी एप्रिलमध्येच सुरू होते. मालकाची लेखी संमती घ्या. काम संशोधन म्हणून होणार असेल तर संस्थेच्या प्राणी नैतिक समितीची परवानगी आधी हवी. आणि कुठली प्रयोगशाळा, कोणती चाचणी करून देणार, हे एकही सुई टोचण्याआधी लेखी ठरवा. फ्रीजमध्ये पडून राहिलेले नमुने म्हणजे प्राण्यांना फुकटचा त्रास.

वेळा दोन: मे महिन्याचा शेवट आणि ऑक्टोबरचा शेवट. पैसा आणि माणसं असतील तर ऑगस्टच्या मध्यात तिसरी. तिसऱ्या वेळेमुळे विषाणू हंगामाच्या सुरुवातीला आला की धान निसवल्यावर (लोंब्या आल्यावर), हे वेगळं करता येतं.

कुत्र्याला सकाळी लवकर, सावलीत, कापडी पट्टीचं मुसकं बांधून धरा. विदर्भातल्या मे महिन्यात दहानंतर कुत्रं धरून ठेवलं तर उष्माघाताने मरू शकतं, आणि मुसकं बांधल्यावर त्याला धापा टाकून अंग थंड करता येत नाही. पुढच्या पायाच्या शिरेतून २२ गेजच्या सुईने ३ ते ४ मिली रक्त घ्या. लाल झाकणाची साधी नळी वापरा, जांभळ्या झाकणाची नको. जांभळ्या नळीत रक्त गोठत नाही, त्यामुळे सीरम (रक्त गोठल्यावर वर सुटणारं पिवळसर पाणी) मिळत नाही. पिस्टन हळू ओढा. नळीत सोडताना सुई काढून, रक्त काचेच्या कडेने ओघळू द्या. जोराने पिचकारी मारली की रक्तपेशी फुटतात, सीरम लालसर होतं आणि ते चाचणीला चालत नाही.

नळी उभी, सावलीत, ३० ते ६० मिनिटं न हलवता ठेवा. बर्फात लगेच खुपसू नका, गुठळी नीट बसत नाही. गुठळी बसल्यावर थंड पेटीत ठेवा, पण बर्फाच्या पिशवीला नळी चिकटू देऊ नका, मध्ये वर्तमानपत्र किंवा थर्माकोल घाला. सीरम काढण्याआधीच रक्ताचा थंडीने बर्फ झाला की नमुना वाया. सेंट्रिफ्यूज (नळी गरगर फिरवून सीरम वेगळं करणारं यंत्र) नसेल तर नळी रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उभी ठेवून सकाळी वरचं पिवळसर सीरम ड्रॉपरने हळूच काढता येतं. ४ मिली रक्तातून दीड-पावणेदोन मिली सीरम निघतं. ते दोन छोट्या कुप्यांत विभागा: एक प्रयोगशाळेला, एक राखीव. २ ते ८ अंशांत काही दिवस टिकतं, जास्त ठेवायचं तर उणे २० अंशांवर. आपल्याकडे वीज जाते-येते. गोठणं आणि वितळणं वारंवार झालं की प्रतिपिंडं कमी दिसतात आणि खरा पॉझिटिव्ह निगेटिव्ह होऊन बसतो. लेबल पेन्सिलीने लिहा, शाई घामाने आणि पाण्याने पुसते.

रक्तात विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी या कामाला वापरू नका. कुत्र्याच्या रक्तात हा विषाणू मुळात दिसत नाही, त्यामुळे पीसीआर निगेटिव्ह येणार आणि पैसे वाया जाणार.

कोणती चाचणी

माणसांसाठीचा एलायझा (प्रतिपिंडं शोधणारी चाचणी) किट कुत्र्याच्या सीरमवर चालत नाही. त्यातला एक घटक माणसाच्या प्रतिपिंडांनाच चिकटतो, म्हणून कुत्र्याचे सगळे नमुने निगेटिव्ह येतात आणि सगळे खूश होतात. कुत्र्याच्या प्रतिपिंडांना चिकटणारा घटक असलेला एलायझा, किंवा कोणत्याही प्राण्याला चालणारा स्पर्धात्मक एलायझा मागा.

तरीही एलायझा ही फक्त चाळणी आहे. जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल आणि डेंगी हे तिन्ही विषाणू एकाच कुळातले. एकाची प्रतिपिंडं दुसऱ्याच्या चाचणीत थोडीफार चमकतात. म्हणून एलायझात पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येक नमुन्याची विषाणू निष्क्रिय करणारी न्यूट्रलायझेशन चाचणी करून घ्या, तीही जपानी मेंदूज्वर आणि वेस्ट नाईल दोघांशी शेजारी शेजारी. एकाचं प्रमाण दुसऱ्यापेक्षा चौपट किंवा जास्त असेल तर तो खरा. फरक चौपटीपेक्षा कमी असेल तर 'या कुळातला विषाणू, नेमका सांगता येत नाही' असंच लिहा. ही चाचणी जिवंत विषाणूवर होते, त्यामुळे मोजक्याच प्रयोगशाळांत मिळते. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था किंवा नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय यांच्याशी आधी बोलून वाट ठरवा.

निकाल नकाशावर वाचणं

मे महिन्यात निगेटिव्ह आणि ऑक्टोबरात पॉझिटिव्ह झालेली कुत्रीच मोजा. मे महिन्यातच पॉझिटिव्ह असलेलं पिल्लू बाजूला काढा: एकतर वय चुकलं, किंवा आईची प्रतिपिंडं उरली होती. मग लाल टिकल्या नकाशावर लावा.

लाल टिकल्या धानाच्या बांध्यांकडच्या कडेला दाट आणि गावाच्या मध्यात विरळ असतील, तर डास बांध्यांतून येतोय. खुराड्यांच्या भोवती गोळा झाल्या असतील तर डुकरांमुळे विषाणू तिथे वाढतोय. बांधी आणि खुराडं जवळजवळ असेल तर दोन्ही मिळून एकच ठिकाण समजा. गावभर सारख्या पसरल्या असतील तर विषाणू बराच काळ आणि भरपूर फिरलाय, तेव्हा लसीकरणाची पडताळणी घरोघर करायची. नियमित लसीकरणात या जिल्ह्यांत पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत असते. ज्या मोहल्ल्यात टिकल्या दाट, तिथली कार्डं आधी बघा.

अंगणात झोपणारी पॉझिटिव्ह आणि घरात झोपणारी निगेटिव्ह, असा फरक दिसला तर त्याचा उपयोग करा. जपानमध्ये २००६-०७ मध्ये पाळीव कुत्र्यांची पाहणी झाली, त्यात सुमारे २५ टक्के कुत्र्यांत प्रतिपिंडं सापडली आणि बाहेर राहणाऱ्यांत प्रमाण जास्त होतं. ज्या घरची मुलं उन्हाळ्या-पावसाळ्यात बाहेर बाजेवर झोपतात, त्यांना मच्छरदाणी का हवी हे सांगायला स्वतःच्या गावाचा असा आकडा फार उपयोगी पडतो.

बांध्यांकडून धोका दिसला तर धानातलं पाणी सतत साचवून न ठेवता मधूनमधून आटवता येईल का, हे शेतकऱ्यांशी बोला. चिखल सुकला की डासांच्या अळ्या मरतात. कालव्याचं पाणी कोणत्या पाळीने सुटतं यावर हे अवलंबून असल्याने एकट्या शेतकऱ्याला जमत नाही, गटाने ठरवावं लागतं. धुराच्या फवारणीवर फार भिस्त ठेवू नका. ती त्या क्षणी उडणारा डास मारते, बांधीतल्या अळीला हातही लावत नाही.

चांदीपुरासाठी वेगळी वाट

चांदीपुरा हा विषाणू तर आपल्याच मातीतला. १९६५ साली नागपूरच्या चांदीपुरा भागातल्या दोन ताप आलेल्या रुग्णांच्या रक्तात तो पहिल्यांदा सापडला, म्हणून ते नाव. २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात, २०२४ मध्ये गुजरातेत त्याने मुलांचे बळी घेतले. तो वाळूमाशीतून पसरतो. इथे कुत्र्याच्या रक्तापेक्षा माशी मोजण्यावर भर द्या, कारण ही माशी फार लांब उडत नाही. ती जिथे सापडते, तिथेच जवळपास पैदास असते.

वाळूमाशी २-३ मिलिमीटरची, केसाळ असते. बसली की पंख इंग्रजी 'व्ही'सारखे उभे धरते आणि भिंतीवर उड्या मारत सरकते. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून ती आत येते. दिवसा मातीच्या भिंतींच्या भेगांत दडते आणि ओलसर, शेणकचरा मिसळलेल्या मातीत अंडी घालते.

पकडायला ए-फोर आकाराच्या पांढऱ्या कागदाला दोन्ही बाजूंनी एरंडीचं तेल लावा. कुत्री झोपतात त्या गोठ्यांत आणि कुडाच्या घरांत, भेगांजवळ जमिनीपासून हातभर उंचीवर काडीला अडकवून संध्याकाळी लावा आणि सकाळी उचला. मुंग्या आणि पाली माश्या खाऊन टाकतात, म्हणून उजाडताच उचला. बारीक ब्रशने माश्या काढून भांडी घासायच्या साबणाच्या सौम्य पाण्यात तेल धुवा आणि ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. एका रात्रीत एका कागदावर किती, हा आकडा लिहा. जून ते ऑगस्ट दर आठवड्याला त्याच जागी, तेवढेच कागद लावा. जागा बदलली की तुलना संपली. अल्कोहोलमधल्या माशीवरून जात ओळखता येते. विषाणू शोधायचा असेल तर माशी ताजी, अतिथंड अवस्थेत पोचवावी लागते, ते काम प्रयोगशाळेच्या पथकाचं.

आकडा चढला की भेगा लिंपा, उकिरडा घरापासून दूर न्या आणि जिल्हा हिवताप कार्यालयाला कळवून भिंतींवर आतून फवारणी मागा. कुत्र्यांना डेल्टामेथ्रिनचा पट्टा घातला तर वाळूमाशी त्यांना कमी चावते. मात्र जी कुत्री मेंदूज्वराच्या पाळतीत आहेत त्यांना ऑक्टोबरचं रक्त होईपर्यंत हा पट्टा घालू नका, चाव्यांची नोंदच बंद होते. त्यांच्या गोचिडांसाठी वजनावरून ठरवलेली तोंडी गोळी पशुवैद्यकाकडून द्या. ही गोळी गोचीड चावल्यानंतर त्याला मारते, डासाला चावण्यापासून अडवत नाही. गुरांच्या गोचिडांचं औषध गुरांच्याच मापाने कुत्र्यावर ओतू नका, विषबाधा होते.

आणि यातलं काहीही चालू असताना मुलाला अचानक जोराचा ताप, उलट्या आणि झटके आले तर कोणत्याही निकालाची वाट पाहू नका. चांदीपुरात एक-दोन दिवसांत मृत्यू होऊ शकतो. त्यावर लस नाही, नेमकं औषध नाही, वेळेवर मिळालेले रुग्णालयातले आधाराचे उपचार एवढाच मार्ग आहे. लगेच १०८ ला फोन करा. मुलाला कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका.

पुढच्या वर्षी नव्या पिल्लांवर हेच पुन्हा करायचं असतं, तेव्हा राखीव कुप्या कामी येतात. नव्या नमुन्यांबरोबर मागच्या वर्षीचे पाच-सहा पॉझिटिव्ह आणि तेवढेच निगेटिव्ह नमुने त्याच दिवशी, त्याच किटवर तपासायला सांगा. जुन्यांचा निकाल तोच आला तर नव्या आकड्यातला चढ-उतार गावातला आहे. बदलला तर तो किटचा आहे.